राहणारी माणसं : एक

६ जानेवारी

टिल्लूशेठ,

तुझं पत्र परवा मिळालं. म्हणजे नवीन वर्षात नवीन खुर्ची! चार वर्षं उन्हातान्हात लोकांच्या घरांची मापं घेत हिंडलास, आता ऑफिसात बसून फॉर्म बनवणार. पाय वाचले, पण पोट सुटेल. माझ्या धाकट्या जावेला सांगून ठेव, लक्ष ठेव म्हणावं.

चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं, माझा दीर घरांच्या कंपनीत मोठा साहेब झाला. आमचे मालक म्हणाले, "म्हणजे बिल्डर?" म्हटलं, नाही, ते घरं बांधत नाहीत, विकत नाहीत, भाड्यानंही देत नाहीत. "मग करतात तरी काय?" इथे माझी गाडी अडली. एकदा नीट समजेल असं लिही, म्हणजे पुढच्या वेळी माझी फजिती नको.

इथे सगळं ठीक. लिफ्ट आठवड्यातले चार दिवस चालते, उरलेले तीन दिवस आम्ही. माझा डावा कान आता अगदीच कामातून गेलाय, उजवाही त्याच वाटेवर, त्यामुळे फोनवर माझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पत्रच बरं.

एक काम आहे. आमच्या दुकानात एक बाई आहे, माझ्याच वयाची. एकटी असते. तिला भाड्यानं लहानसं घर हवंय. तिनं तुमच्या त्या ॲपवर काय काय करायचं, ते सविस्तर लिहून पाठव. ओळखीची म्हणून सवलत नको, पण तू आपलं नीट सांग.

वहिनी

१९ जानेवारी

वहिनी,

साहेब-बिहेब काही नाही. आमची हेड माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे आणि चालता चालता जेवते, त्यावरून ओळख साहेब कोण ते.

काम सांगतो. ज्याच्याकडे रिकामं घर आहे तो मालक आमच्या ॲपवर जाहिरात टाकतो. ज्याला घर हवंय तो स्वतःची माहिती भरतो. दोघांची गाठ घालून देणं हे आमचं काम. लग्न जुळवण्यासारखंच आहे, फक्त आमच्याकडे दोन्हीकडची मंडळी जरा जास्तच थापा मारतात. मापं घेत फिरायचो तेव्हाच मी जाहिरातींची भाषा शिकलो. 'टुमदार' म्हणजे पलंग ठेवला की दार उघडत नाही. 'हवेशीर' म्हणजे खिडकीची काच फुटलीय. 'शांत परिसर' म्हणजे बस येत नाही. तुझ्या मैत्रिणीला हे पाठ करायला सांग.

अठ्ठावीस माणसं एका लांबलचक खोलीत कानाला हेडफोन लावून बसतो. गंमत म्हणजे घरांच्या कंपनीचं स्वतःचं ऑफिस भाड्याचं. जागेचा मालक दर महिन्याला चिठ्ठी पाठवतो, भिंतींना खिळे ठोकू नका. माझ्या शेजारी कोड लिहिणारा एक मुलगा बसतो, त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. एक वाक्य बोलायला त्याला अर्धं मिनिट लागतं, पण त्याचं काम मात्र आमच्या सगळ्यांच्या आधी संपतं.

मैत्रिणीनं आपली माहिती खरी आणि पूर्ण भरावी, मग आवडलेल्या घरावर 'मला हे घर बघायचंय' हे बटण दाबावं. फोन करायची गरज नाही. आम्हाला इथलं घर दोन दिवसांत मिळालं होतं, तिलाही मिळेल.

आणि वहिनी, आपलं घर मात्र आहे तसं ठेव हं. बाल्कनीतला आईचा झोपाळा, दादाचं कपाट, काही हलवू नकोस. दिवसभर लोकांची घरं बघतो ना, तेव्हा बरं वाटतं की एक घर आहे तिथेच आहे.

तुझा टिल्लू

८ फेब्रुवारी

टिल्लूशेठ,

तू सांगितलंस तसं मैत्रिणीनं सगळं भरलं. नाव, वय, नोकरी. राहणारी माणसं : एक. मग अकरा घरं निवडून तुझं ते बटण दाबलं.

नऊ ठिकाणांहून उत्तरच नाही. दहाव्यानं उलट विचारलं, "मिस्टर कधी बोलतील?" अकरावीनं घर दाखवायला बोलावलं. स्वैपाकघर टुमदार होतं. मधोमध उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागले. तरी जागा मनात भरली होती, कारण उजेड छान होता. मालकीणबाईंनी नळ सोडून दाखवले, कपाटं उघडून दाखवली आणि जाता जाता म्हणाल्या, "घरात कोण कोण?"

"मी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोणी नाहीत."

"अगबाई! आम्हाला कुटुंब हवं होतं हो."

मैत्रीण मला विचारत होती, कुटुंब किती माणसांपासून सुरू होतं? तुमच्या फॉर्ममध्ये लिहिलं असेल तर बघून कळव.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

अगं, हे तर माझंच डोकं!

त्याचं असं झालं. मालक लोक वैतागले होते. ज्यांना घर द्यायचंच नाही अशा माणसांच्या चौकशा दिवसभर येत राहायच्या. म्हणून मापं घेत फिरायचो तेव्हाच मी मालकांच्या फॉर्मसाठी सतरावा प्रश्न सुचवला : 'भाडेकरू कसे हवेत?' त्याखाली चार चौकोन. कुटुंब, नोकरदार मुलं-मुली, विद्यार्थी, कोणीही चालेल. मालक ज्यावर खूण करेल त्यात न बसणाऱ्यांची नावं यादीत आपोआप तळाला जातात. एखादाच मालक तळापर्यंत बघतो, बाकीच्यांना ती दिसतच नाहीत म्हण ना. त्याचा ताप वाचला, भाडेकरूची फुकटची चक्कर वाचली. पहिल्याच महिन्यात तक्रारी निम्म्यावर आल्या. हेडनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ही खुर्ची मला त्या सतराव्या प्रश्नानंच मिळवून दिली.

तुझ्या मैत्रिणीला सांग, 'एक'च्या जागी 'दोन' लिही. भाचा येऊन-जाऊन असतो म्हणावं. एकदा सामान आत गेलं की कोण येतंय डोकी मोजायला?

कोण गं ही? काउंटरवर बसते, ती मोठ्यानं हसणारी का?

टिल्लू

३ मार्च

टिल्लू,

ती दोन लिहिणार नाही. म्हणाली, असलेल्या माणसाबद्दल एक वेळ खोटं बोलता येईल, नसलेल्याबद्दल जीभ वळत नाही.

परवा आणखी एक जागा बघून झाली. मालकानं दार उघडलं आणि माझ्या मागे जिन्याकडेच बघत राहिला, अजून कोणी वर चढतंय का म्हणून. बराच वेळ. मग म्हणाला, जागा कालच गेली.

दुकानात काम फार आहे. शाळांत डोळ्यांची तपासणी झाली, पोरांचे चष्मे ढिगानं आलेत. जास्त लिहीत नाही.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'माझ्या मागे' असं लिहिलंयस तू. मैत्रिणीच्या मागे नाही.

तू आपलं घर सोडून परक्या माणसांच्या जिन्यात का उभी राहतेस? कोणी काही बोललं का? बिल्डिंगवाल्यांनी त्रास दिला? तब्येत बरी नाही आणि लपवतेयस? दादा गेला तेव्हा मी आणि तुझी धाकटी जाऊ दोघं तुझ्या मागे लागलो होतो, आमच्याकडे चल म्हणून. तेव्हा म्हणालीस, हे घर सोडवत नाही. मग आता चार वर्षांनी काय झालं? आणि मला सांगायचं नव्हतं तर नव्हतं, पण मलाच सल्ला विचारायचा आणि मी आपला शहाण्यासारखा पानं भरभरून लिहितोय!

रागानं लिहितोय, हे तुला कळतंयच. पण खरं सांगू, तुझ्यावर चिडलो की माझ्यावर, तेच कळत नाही. काल दिवसभर ऑफिसात तो सतरावा प्रश्न समोर उघडून बसलो होतो. नऊ मालकांनी तुला नाही म्हटलेलं नाही, वहिनी. तू त्यांना दिसलीच नाहीस. मी तळाला ढकललं तुला.

टिल्लू

२१ मार्च

टिल्लू,

कोणी काही बोललं नाही. तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या दादाची आठवण येते म्हणूनही नाही. ती कुठेही गेले तरी येणारच.

मी या घरात आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. तू नऊ वर्षांचा, दाराआड उभा राहून माझ्या बॅगेत काय आहे ते बघत होतास. घर लागलेलं होतं. कुठला डबा कुठे, कुणाची खुर्ची कुठली, पलंगाचं डोकं कुठल्या भिंतीला, सगळं ठरलेलं. तुझी आई चांगली बाई होती, ती मला कधी घालूनपाडून बोलली नाही. एकदाच मी कपाट सरकवून खिडकीखाली टेबल ठेवलं होतं, दुकानातल्या चष्म्याच्या काचा घरी घासायला उजेड मिळावा म्हणून. संध्याकाळी कपाट परत जागेवर. भांडण नाही, तंडण नाही. ती फक्त म्हणाली, "तिथेच बरं दिसतं गं." आणि मलाही ते पटलं. चौतीस वर्षं पटतच राहिलं.

आधी वडिलांचं घर, मग तुमचं. दोन्हीकडे सुखात राहिले. पण रोज शंभर माणसांना आरशासमोर बसवून विचारते, ही फ्रेम आवडते की ती? डिसेंबरात एका आजोबांना विचारता विचारता मनात आलं, मला असं कोणी कधी घराबद्दल विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी हे सुचलं. उशिरा सुचलं, पण सुचलं.

तुझ्यापासून लपवलं, कारण तुझ्या पत्रांच्या शेवटी नेहमी 'घर आहे तसं ठेव' असतं. ते वाचलं की पुढचं लिहायचा धीरच होत नव्हता. घर अर्धं तुझं आहे, ते विकायला मी सांगत नाही. कोणी चांगलं माणूस ठेवू, त्याच्या भाड्यात माझं भाडं निघेल.

आणि माझ्यापायी ऑफिसात डोकं फिरवून घेऊ नकोस. नोकरी सांभाळ.

वहिनी

२७ मार्च

वहिनी,

मी गाढव आहे. लहानपणी तू म्हणायचीस तेव्हा वाईट वाटायचं, आता माझं मीच म्हणतो.

तो कपाटाचा दिवस मला आठवतो. ते परत सरकवायला आईला मीच मदत केली होती. एक बाजू मी धरली होती. तू दुकानातून आलीस, बघितलंस आणि मला विचारलंस, गृहपाठ झाला का? एवढंच.

जा, वहिनी. तुला हवी ती खिडकी बघ. मी आता पत्राच्या शेवटी काहीही लिहिणार नाही.

तू नको म्हणालीस तरी मी हेडशी बोललो. सतरावा प्रश्न काढू या म्हटलं. ती म्हणाली, "मालकांना कुटुंबच हवं असेल, तर आपण काय त्यांच्या घरात शिरून भांडणार?"

म्हटलं, "पण एकट्या माणसाला यात चौकोनच नाही."

"किती जणांना अडचण आली? आकडा आहे?"

"सध्या एकच माहीत आहे."

"एक म्हणजे आकडा नाही."

तिचा राग आला नाही. दोन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, आणि वर हसलो असतो.

टिल्लू

१६ एप्रिल

टिल्लूशेठ,

बस आणि मग वाच.

गेल्या मंगळवारी दुकानात एक बाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, निवृत्त नर्स. वाचायचा चष्मा पायाखाली आला होता, तो हिवाळ्यापासून तसाच पर्समध्ये. "आळस, दुसरं काय," म्हणाल्या. मी नवीन काचा बसवून दिल्या आणि म्हटलं, काहीतरी बारीक वाचून बघा. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि त्यात तुमचं ॲप उघडलं!

लगेच तक्रार सुरू. "हे बघा, तीन महिने वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. येतात ती सहा-सहा माणसांची कुटुंबं. त्यांना जागा पुरत नाही, मला गोंगाट सोसत नाही. एखादं शांत माणूस म्हणून विचारत नाही."

मी वाकून फोटो बघितला. माझ्या अकरांतलं सहावं घर! म्हटलं, "मी विचारलं होतं की हो. जानेवारीत."

"छे! तुमचं नाव मी कधी बघितलंच नाही."

"तुम्ही कुटुंब हवं असं लिहिलंय ना."

"मी? मी कशाला लिहू?" असं म्हणत त्यांनी नाकावर नवा चष्मा नीट केला, फॉर्म उघडला आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. मग एकदम ओरडल्या, "अगबाई, याच्या खाली आणखी तीन चौकोन आहेत!"

चष्मा नव्हता, टिल्लू. बाईंना पहिला चौकोन तेवढा दिसला, त्यावर खूण केली आणि पुढे गेल्या. आम्ही दोघी इतक्या हसलो की मालक आतून बाहेर आले.

त्याच संध्याकाळी जागा बघितली. दोन खोल्या, जिना सोळा पायऱ्यांचा. मागच्या खिडकीतून एका सुताराची शेड दिसते, तिथे खुर्च्या टांगून ठेवलेल्या असतात. खिडकी पूर्वेला आहे. खाली टेबल मावतं, मी पावलांनी मोजलं. बाईंनी विचारलं, "विचार करून सांगणार का?" मी तिथेच हो म्हटलं. कोणालाही न विचारता.

वहिनी

२० मे

वहिनी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. (नाव-गाव गाळून.) हेड खूप हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "असे आणखी किती असतील?"

तेच शोधायला मी आणि गोगलगाय बसलो. ज्या मालकांनी 'कुटुंब' निवडलंय त्यांतल्या दोनशे बारा जणांना एका आठवड्यात फोन केले. एकच विचारायचं, हाच चौकोन का निवडलात? एकशे तीस जण म्हणाले, पहिला होता म्हणून. एका आजोबांना तर वाटलं होतं, 'कुटुंब' म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाबद्दल विचारतायत. काहींना खरोखरच कुटुंब हवं होतं, ते नाकारत नाही. पण एक जण म्हणाला, "एकटी बाई? मग तर उत्तमच. माझ्या आत्ताच्या कुटुंबात ढोलकी वाजवणारे दोघं आहेत."

गोगलगायीनं दोन दिवसांत सगळं बदललं. आता प्रश्न आहे, 'या घरात किती माणसं आरामात राहू शकतील?' कोणाचंही नाव तळाला जात नाही. जेवढ्या चौकशा येतील, त्या आल्या त्या क्रमानं दिसतात.

व्हायचं ते झालंच. काही मालक चिडले, थोडे सोडून गेले. तक्रारी पुन्हा वाढल्या, आणि त्या कमी केल्या म्हणूनच मला खुर्ची मिळाली होती. हेडनं स्पष्ट सांगितलं, "बदल बरोबर आहे, पण वर उत्तर मला द्यावं लागतं." आता आठवड्यातले चार दिवस मी परत मापं घेत फिरतो. तुझी जाऊ म्हणते, पोट तरी आत गेलं. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मापं घ्यायचं यंत्र हातात घेऊन कुणाच्या तरी रिकाम्या खोलीत उभा होतो आणि आकडे दिसेनात. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं.

एक तारखेच्या शनिवारी आपल्या घराचं माप घ्यायला येतो. दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही. तुझं सामान हलवायलाही मीच असेन, मजूर सांगू नकोस.

टिल्लू

१२ जून

टिल्लूशेठ,

पोचल्याचं कळवलं नाहीस, पण धाकटीचं कार्ड आलं, त्यावरून कळलं.

आपल्या घरात त्या माय-लेकी परवा राहायला आल्या. लेक कॉलेजात शिकवते. पहिल्याच दिवशी झोपाळ्यावर बसून भाजी निवडत होत्या. तुझ्या दादाचं कपाट त्यांनी दुसऱ्या खोलीत हलवलं. मी बघितलं, आणि मला काही झालं नाही. तुला होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

इथे मला पहिले आठ दिवस जड गेले. तू समोर असतास तर हे बोलले नसते. टेबल तीनदा हलवलं. मीठ कुठे ठेवावं ते ठरेना, कारण कुठेही ठेवलं तरी चालत होतं. एकदा तर हातात बरणी घेऊन उभी राहिले आणि रडू आलं. पण सोबत आहे. सामान आलं त्याच दुपारी नर्सबाई खालून हाका मारत होत्या, मला ऐकू येईना, तर त्यांनी काठीनं छत ठोकलं. तेव्हापासून आमचं तेच ठरलंय. दोन ठोके म्हणजे चहा.

आता तुझ्या भेटीचं. त्या दिवशी सामान वर आणून झालं, तू ते लाल ठिपक्याचं यंत्र काढून माझ्या दोन्ही खोल्या मोजल्यास आणि जाहिरातीपेक्षा चार इंच कमी भरल्या म्हणून नर्सबाईंशी वाद घातलास. मी खिडकीशी काम घेऊन बसले. एका मुलाचा चष्मा होता, काच जाड, वेळ लागणार होता. थोड्या वेळानं बघते तर तू खुर्चीत झोपलेला.

तुला ठाऊक नसेल, पण तू लहानपणापासून परक्या घरात दुपारचा झोपत नाहीस. तुझ्या मामांकडे न्यायचो, तर टक्क जागा. आजोळी जागा. माझ्या माहेरी तुला तीन वर्षं दर सुट्टीत नेलं, आई अंथरूण घालून द्यायची, तू उठून बसायचास आणि विचारायचास, आपण घरी कधी जायचं?

त्या दिवशी तू दोन तास झोपलास. तोंड उघडं टाकून. सुताराच्या शेडमध्ये करवत चालू होती, खालून काठीचे ठोके आले, तरी तुला जाग नाही. मी काच घासायचं यंत्र बंद केलं आणि उरलेली काच हातानंच घासली.

तुझी,
वहिनी